पोच

टपालाच्या व्यवहारांतील ‘पोच’ हा शब्द मला लहानपणापासून फार गोड वाटत आला आहे. आपण धाडलेली वस्तु ज्याच्या हातीं पडावयाची त्याच्या हातीं पडली, एवढेंच तो सांगतो. पण तेवढ्यानें मनास केवढी स्वस्थता येते, हें ज्यानें दूरच्या माणसास कांहीं धाडिलें असेल त्यालाच ठाऊक. मनीऑर्डरीच्या फॉर्माचा खालचा तो चिटोरा, त्यावरील ती वेडीवांकडी सही किंवा आंगठ्याचा ठसा दृष्टीस पडला कीं धाडणाऱ्याच्या मनावरचें अर्धें ओझें उतरत असे. आतां पैसे क्षणांत जातात आणि पोचहि क्षणांत येते. त्यामुळें पोच न येतां महिनेच्या महिने काढणें म्हणजे काय, हें आजच्या मुलांना समजावून सांगणें थोडें कठीणच आहे.

गेल्या श्रावणांतील गोष्ट. चार दिवस पावसाची झड लागली होती. आमचें कुटुंब एकत्र. दोन्ही वेळां चौदा पानें मांडावीं लागतात, त्यामुळें पावसांत मुलें घरांत कोंडलीं म्हणजे ओटीवर बाजार भरतो. त्या दिवशीं मात्र माझ्या धाकट्या बंधूंचा नातू माझ्या झोपाळ्याशेजारीं जाजमावर पालथा पडून मुकाट्यानें कांहीं लिहीत होता. मुलगा यंदा दहावीला आहे. विमानांचा त्यास मोठा नाद. वहींत त्यानें कोष्टक आंखलें होतें: तारीख, विमानाची जात, निघालीं किती, परतलीं किती, आणि अखेरच्या रकान्यांत ‘यशस्वी’ किंवा ‘फसली’ असा निकाल. मीं चष्मा लावून पाहिलें, तों बहुतेक ओळींपुढें ‘फसली’ हाच शेरा.

“हें कोणतें युद्ध, बाळ?” मीं विचारलें.

“दुसरं महायुद्ध, आजोबा. पण ही बाँब टाकणारी विमानं नव्हेत. जर्मनांच्या ताब्यातल्या देशांत जे लोक चोरून लढत होते, त्यांना बंदुका, औषधं नेऊन टाकणारी.” मग जरा थांबून तो म्हणाला, “पण आजोबा, निम्मं सामान जर शत्रूच्याच हातात पडत होतं आणि विमानंही परत येत नव्हती, तर मग ते पुन्हा पुन्हा गेले कशाला?”

विचारलें कीं उत्तर द्यावयाचें, ही शिक्षकाची खोड निवृत्तीनंतरहि जात नाहीं. परंतु त्या वेळीं मला उत्तर सुचलें नाहीं. “वाचून सांगतों,” एवढेंच म्हणालों. पुढचे दोन महिने मीं त्याचीं पुस्तकें आणि त्यानें वाचनालयांतून आणून दिलेलीं आणखी कांहीं वाचलीं. मी मॅट्रिक होऊन पाठशाळेंत संस्कृत शिकलेला माणूस; युद्धशास्त्र हा माझा विषय नव्हे. तथापि त्या वाचनांत जें हातीं लागलें तें, आणि त्याच्या निमित्तानें माझ्याच आयुष्यांतील जी एक जुनी गोष्ट वर आली ती, वाचकांपुढें ठेवतों.

१९४० च्या उन्हाळ्यांत फ्रान्सचा पाडाव झाला. पोलंड १९३९ सालींच गेलें होतें. नॉर्वे, डेन्मार्क, हॉलंड, बेल्जम हे देशहि जर्मनांच्या टाचेखालीं आले होते. युरोपच्या भूमीवर सैन्य उतरविण्याची शक्ति त्या वेळीं इंग्लंडपाशीं नव्हती. तेव्हां जुलै १९४० मध्यें चर्चिलच्या सरकारनें ‘स्पेशल ऑपरेशन्स एक्झिक्युटिव्ह’ नांवाचें एक गुप्त खातें उघडलें. जिंकलेल्या देशांत जे लोक मनानें जिंकले गेले नव्हते त्यांना हेर, बिनतारी यंत्रें, शस्त्रें आणि पैसा पुरविणें हें त्याचें काम. समुद्रकिनाऱ्यांवर कडक पहारा होता. मुख्य मार्ग उरला तो आकाशाचा.

इंग्लंडांत बेडफर्डशायर परगण्यांत टेम्प्सफर्ड नांवाचें एक खेडें आहे. १९४२ च्या वसंतापासून तेथील विमानतळावर ब्रिटिश वायुदलाच्या १३८ आणि १६१ या दोन तुकड्या ह्याच कामासाठीं राहूं लागल्या. विमानतळाच्या कडेस जिब्राल्टर फार्म नांवाच्या शेतांत एक साधें कोठार होतें. शत्रूच्या मुलुखांत उतरावयाच्या स्त्रीपुरुषांना तेथें अखेरचें सामान मिळे आणि त्यांचे खिसे तपासले जात. एखादें इंग्रजी तिकीट किंवा पावती चुकून राहिली तर तीच प्राणावर बेतावयाची. तें कोठार अद्याप उभें आहे, आणि गेलेल्यांचें स्मारक म्हणून जपलें जातें.

ह्या विमानांची रीत इतरांहून निराळी होती. बाँब टाकणारीं विमानें शेंकड्यांनीं मिळून जात. हें एकटें जाई. इतर वैमानिकांना अंधारी रात्र सोयीची. ह्यांना चांदणें हवें. आपल्या भाषेंत सांगावयाचें तर शुद्ध अष्टमीच्या सुमारास ह्यांचें काम सुरू होई आणि वद्य सप्तमीच्या सुमारास संपे. चांदण्यांत खालीं नद्या, तळीं, लोहमार्ग चकाकत, त्यांवरून वाट ओळखावयाची. आणि ज्या चांदण्यांत आपल्याला नदी दिसे त्याच चांदण्यांत शत्रूला विमान दिसे. शेवटीं कोठल्याशा शेतांत हातदिव्यांचे तीन ठिपके एका ओळींत आणि चौथा ठिपका ठरलेलें अक्षर लुकलुकत दाखवितांना दिसावयाचा. तेवढ्या ठिपक्यांसाठीं शेंकडों मैल यावयाचें. खालीं दिवे धरणारे म्हणजे गांवचे शेतकरी, शाळामास्तर, पाद्री, पोरेंसोरें. सांपडले तर गोळी ठरलेली. विमान पांचसहाशें फुटांपर्यंत खालीं येई, पत्र्याच्या लांबट पेट्या छत्र्यांना बांधून सोडून देई आणि निघून जाई. दिवे दिसले नाहींत तर सारें ओझें पुन्हा घरीं न्यावयाचें. असें किती वेळां तरी होई.

आपल्याकडे विमान येणार हें खालच्यांना कळे तें लंडनच्या रेडिओवरून. बातम्या झाल्यावर निवेदक कांहीं असंबद्ध वाक्यें वाची. ऐकणाऱ्या लाखांना तीं वेड्याचीं बडबड वाटावीं. पण त्यांतलें एक वाक्य कोठल्या तरी खेड्यांतील पांचसात माणसांसाठींच असे, आणि तें ऐकतांच तीं दिवे घेऊन रानाकडे निघत.

माणसें उतरवावयाचीं असलीं म्हणजे लायसँडर नांवाचें एका इंजिनाचें लहानसें विमान जाई. त्यांत वाट दाखविणारा सोबती नाहीं. वैमानिक एकटा, नकाशा गुडघ्यावर. तें खरोखरच शेतांत उतरे आणि दोनतीन मिनिटांत माणसें बदलून पुन्हा उडे. १९४३ च्या जूनमध्यें १६ आणि १७ तारखांच्या मधल्या रात्रीं असेंच एक विमान नूर इनायत खान ह्या तरुणीला फ्रान्समध्यें घेऊन गेलें. तिचे वडील हजरत इनायत खान हे बडोद्याचे. आणि त्यांचे मातामह मौलाबक्ष हे गायकवाड सरकारच्या पदरचे नामांकित गवई. गायकवाडांच्या बडोद्यांतील गाणाऱ्या घराण्याची ही लेक पॅरिसमध्यें बिनतारी यंत्र घेऊन घरोघर लपत राहिली, पकडली गेली, आणि १३ सप्टेंबर १९४४ रोजीं डाखाउ येथील छळछावणींत मारली गेली. पुढें १९४९ मध्यें तिला मरणोत्तर जॉर्ज क्रॉस मिळाला.

त्याच वर्षीं, डिसेंबर १९४३ मध्यें १६ आणि १७ च्या मधल्या रात्रीं, फ्रान्सहून परत आलेल्या दोन लायसँडरांना इंग्लंडांत दाट धुक्यानें गांठलें. शत्रूच्या मुलुखांत जाऊन, उतरून, परत आलेलीं तीं विमानें घराच्या अंगणांत येऊन कोसळलीं. दोन्ही वैमानिक मेले. ह्यांना कोणीं पाडलें नव्हतें. गोळी लागली नव्हती. माझ्या नातवाच्या कोष्टकांत अशांना कोणता रकाना द्यावयाचा?

जे परत येत नसत त्यांच्या घरीं तार जाई: ‘बेपत्ता’. कोठें गेले होते, कशासाठीं गेले होते, हें घरच्यांना सांगण्याची मुभा नव्हती. बाँब टाकतांना गेलेल्याच्या आईला निदान शहराचें नांव कळे. ह्यांच्या आयांना तेंहि नाहीं.

येथवर वाचून मी शौर्याच्या भरांत होतों. पण पुढें हॉलंडचें प्रकरण आलें, आणि मन खिन्न झालें. मार्च १९४२ मध्यें ह्यूबर्ट लाउवर्स नांवाचा डच बिनतारीवाला हेग शहरांत जर्मनांनीं पकडला आणि त्याच्याच यंत्रावरून लंडनला संदेश पाठविण्यास त्यास भाग पाडलें. पकडला गेल्यास कळावें म्हणून संदेशांत ठराविक खूण करावयाची, अशी त्याला शिकवण होती. त्यानें ती खूण मुद्दाम वगळली. लंडनच्या कचेरींत तें कोणीं मनावर घेतलें नाहीं. झालें, ‘माणसें पाठवा, माल पाठवा’ असे संदेश जर्मन अधिकारी पाठवीत राहिले आणि इकडून माणसें व माल जात राहिला. शेतांतले दिवे जर्मनच धरून उभे. पन्नासाहून अधिक माणसें अशीं थेट शत्रूच्या हातीं उतरलीं; त्यांतलीं बहुतेक पुढें मारलीं गेलीं. माल टाकून परततांना कित्येक विमानेंहि पडलीं. पोच येत होती, वेळच्या वेळीं येत होती. पण ती खोटी होती. दोघे कैदी ऑगस्ट १९४३ मध्यें तुरुंगांतून निसटले, तेव्हां कोठें हें कपट उघडकीस येऊं लागलें.

आणि मग वॉर्सा. हें नांव वाचतांच माझें मन कोल्हापुरास गेलें, तें कां हें सांगतों.

माझ्या मातुःश्रींचें माहेर कोल्हापूरचें. पोलंडांतून रशियानें सैबेरियाकडे हांकलून दिलेलीं कुटुंबें इराणमार्गे हिंदुस्थानांत आलीं, त्यांतलीं सुमारें पांच हजार माणसें १९४३ पासून १९४८ पर्यंत कोल्हापूर संस्थानांत वळिवडे येथील छावणींत राहिलीं. बहुतेक स्त्रिया आणि मुलें. त्यांतल्या अनेकींचे पति, भाऊ, मुलगे दूर पोलिश सैन्यांत. छावणींत त्यांच्या शाळा होत्या, प्रार्थनामंदिर होतें. त्या बायका कोल्हापुरच्या बाजारांत येत आणि मोडक्या मराठींत भाव करीत. माझे आजोबा कांहीं हिशेबाच्या कामासाठीं एकदां छावणींत गेले, तेव्हां दहा वर्षांची माझी आई हट्टानें त्यांच्याबरोबर गेली होती. १९४४ चा पावसाळा होता. एका बराकीच्या पायरीवर चारपांच बायका बटाटे सोलीत बसल्या होत्या. कोणी बोलत नव्हतें. एकीच्या डोळ्यांतून पाणी गळत होतें, तें तिनें पुसलें नाहीं आणि हातहि थांबविला नाहीं. आजोबांनीं परत येतांना सांगितलें, “त्यांचं शहर जळतं आहे.” आई ही गोष्ट आम्हांला अनेकदां सांगे, आणि दर वेळीं शेवटीं म्हणे, “शहर जळत होतं, आणि त्या बटाटे सोलत होत्या. मुलांना जेवायला तर लागतंच ना!” तें शहर कोणतें, हें तिनें कधीं विचारलें नाहीं. मला तें आतां, ती गेल्यावर, वाचतां वाचतां उमगलें. १९४४ च्या पावसाळ्यांत जळणारें पोलिश लोकांचें शहर तें वॉर्साच.

१ ऑगस्ट १९४४ रोजीं सायंकाळीं वॉर्सांतील गुप्त पोलिश सेना जर्मनांवर उठली. रशियाचें सैन्य विस्तुला नदीच्या पलीकडे येऊन ठेपलें होतें. थोड्या दिवसांचा प्रश्न आहे असें सर्वांस वाटलें. तें झुंज ६३ दिवस चाललें. गांवांत बंदुका थोड्या, काडतुसें त्याहून थोडीं. मदतीची हांक लंडनला गेली. इंग्लंडाहून वॉर्सा फार दूर. म्हणून विमानें दक्षिण इटलींतील ब्रिंडिसी आणि फोज्जा येथून निघाली. एड्रियाटिक समुद्र, युगोस्लाव्हिया, हंगेरी, कार्पेथियन पर्वत ओलांडून पोलंड. आणि उतरण्यास जवळ रशियन तळ असूनहि स्टालिननें तेथें उतरूं देण्याचें नाकारल्यामुळें त्याच रात्रीं तितकेंच अंतर परत. दहाअकरा तासांचा प्रवास, बहुतेक शत्रूच्या मुलुखावरून.

जाणारे कोण होते? पोलिश होते, ते तर आपल्याच घराकडे चालले होते. ब्रिटिश होते. आणि दक्षिण आफ्रिकेच्या ३१ व ३४ क्रमांकांच्या तुकड्याहि होत्या. केपटाउन, डरबन, जोहान्सबर्गकडचीं हीं मुलें; वॉर्सा नकाशांत कोठें आहे हेंहि त्यांतल्या कित्येकांनीं त्या आठवड्यांतच पाहिलें असेल. शहर जवळ आलें कीं त्याची वाट शोधावी लागत नसे. आगीचा उजेड दुरून दिसे. विस्तुलेच्या पात्रावरून येऊन, धुरांत शिरून, वेग अगदीं कमी करून, घरांच्या छपरांहून थोड्याच उंचीवरून पेट्या सोडावयाच्या. ज्या चौकांत टाकावयाच्या तो चौक आपल्या लोकांचा, आणि शेजारची गल्ली शत्रूची. चोहोंकडून प्रकाशझोत आणि तोफा.

ऑगस्टच्या मध्यास नुकसान इतकें झालें कीं त्या भागाचे वायुसेनापति जॉन स्लेसर ह्यांनीं हीं उड्डाणें थांबविलीं. पोलिश वैमानिकांनीं जाण्याचा हट्ट धरिला, आणि ते पुन्हा निघाले. एकंदर तीसांहून अधिक विमानें गेलीं. एकेकांत सातआठ माणसें. टाकलेल्या मालापैकीं सुमारें निम्मा आपल्या माणसांच्या हातीं पडला. पोचलेल्या एका टनामागें एक विमान, असा हिशेब स्लेसर ह्यांनींच पुढें मांडला. १८ सप्टेंबरला स्टालिननें संमति दिल्यावर शंभरांहून अधिक अमेरिकन विमानें दिवसाढवळ्या आलीं आणि बाराशेंहून अधिक पेट्या टाकून गेलीं. पण तोंवर लढणाऱ्यांच्या हातीं शहराचे थोडेच तुकडे उरले होते, आणि बहुतेक पेट्या जर्मनांकडे पडल्या. त्या महिन्यांत रशियानेंहि कांहीं माल टाकला. २ ऑक्टोबरला वॉर्सा शरण गेलें. दीड लाखाहून अधिक नागरिक मेले, आणि उरलेलें शहर जर्मनांनीं ठरवून जमीनदोस्त केलें.

कोष्टकाच्या नियमानें पाहतां माझ्या नातवाचा शेरा बरोबर होता. मला त्याला खोडतां येईना, आणि मान्यहि करवेना. रात्रीं झोपाळ्यावर बसून मी विचार करीत असतां, पुष्कळ वर्षें ज्या आठवणीकडे मीं पाठ फिरविली होती ती समोर येऊन उभी राहिली.

१९८८ च्या सुमाराची गोष्ट. मी तालुक्याच्या गांवीं संस्कृत शिकवीत होतों. आठवीच्या वर्गांत एक मुलगा होता. शब्द चालवितांना त्याची वाणी अशी शुद्ध कीं ऐकत राहावें. त्याचे वडील अकस्मात वारले आणि आई मुलांना घेऊन दूरच्या दुष्काळी भागांतील आपल्या माहेरीं गेली. निघतांना मुलगा पायां पडला. मीं म्हटलें, “फीची आणि पुस्तकांची काळजी करूं नकोस. दर महिन्याला मी चाळीस रुपये धाडीन.” माझ्या पगारांत तें सोपें नव्हतें, पण शब्द दिला.

पहिल्या मनीऑर्डरीची पोच त्याच्या सहीची आली. पुढें मात्र चिटोऱ्यावर मामाची सही येऊं लागली. मुलाला मीं दोन पत्रें लिहिलीं; उत्तर नाहीं. सहा महिने धाडले. घरांत वडीलधारीं माणसें म्हणूं लागलीं, “पैसे मुलाच्या शाळेला लागतात कीं मामाच्या चैनीला, कोण जाणे? दान करावं तें सत्पात्रीं.” शास्त्रवचन कानावर पडलें कीं आम्हां लोकांना मोठें समाधान होतें. सातव्या महिन्यांत मीं फॉर्म भरला नाहीं. आपण कांहीं चुकीचें केलें असें मला वाटलें नाहीं. उलट व्यवहार कळला असें वाटलें. माझ्यापुरता ‘फसली’ हा शेरा मारून मीं तें पान उलटलें.

पंधरा वर्षांनीं एका लग्नाहून परततांना एस.टी.च्या स्थानकावर खाकी कपड्यांतला एक ड्रायव्हर धांवत आला आणि मला वांकून नमस्कार करून म्हणाला, “गुरुजी, ओळखलंत?” आवाजावरून ओळखलें. गाडी सुटण्यास अवकाश होता. आम्ही चहा घेतला. मींच विषय काढला. तो सहज सांगत गेला.

“सहांतले दोन माझ्यापर्यंत आले, गुरुजी. पहिला, आणि एक मामीनं लपवून दिला. त्यांतून आठवीची फी आणि पुस्तकं झाली. बाकीचे मामानं घरात घातले. त्याचंही काय चुकलं? खायला नव्हतं.”

“माझीं पत्रें?”

“एक मिळालं. उत्तराला तिकिटाचे पैसे मागायची लाज वाटली.” मग कपांत पाहत तो म्हणाला, “मनीऑर्डर यायची त्या दिवशी मी पोस्टमनच्या वाटेवर उभा राहायचो. पैसे मामाच घ्यायचा. पण आली एवढं कळायचं. फी थकली तरी वर्गात मागं बसायचो. मास्तर रागवायचे, तरी बसायचो. मग यायची थांबली. वाटलं, गुरुजी विसरले. त्यानंतर शाळेत जायला पाय उचलेना.”

त्याच्या बोलण्यांत दोष नव्हता. तेंच सहन होत नव्हतें. त्यानें मला आपल्याच गाडींत पुढची जागा धरून दिली. दोन तास मी त्याची पाठ पाहत बसलों होतों. त्याचा हात चक्रावर इतका स्थिर होता, वर्गांत आवाज असे तसाच.

ह्या गोष्टीसही आतां वीस वर्षें होऊन गेलीं. घरीं मीं ती कोणास सांगितली नाहीं. गीतेचा निष्काम कर्मयोग मीं वर्गांत कितीदां समजावून दिला असेल! फळाची आशा सोडावी, हें सांगतांना माझा स्वर कधीं कांपला नाहीं. आणि स्वतःची वेळ आली तेव्हां चाळीस रुपयांच्या पोचेसाठीं मीं हात आंखडला.

तसेंच ‘मेघदूत’. यक्ष मेघाला निरोप सांगतो, मार्ग सांगतो, खुणा सांगतो. मेघ ‘हो’ म्हणत नाहीं; त्याच्या मौनालाच यक्ष होकार समजतो. निरोप पोंचला कीं नाहीं हें कालिदासानें सांगितलें नाहीं. मागाहून कोणीं तरी शेवटीं श्लोक जोडले आणि कुबेराला दया आली, विरह संपला, असें करून टाकिलें. पंडित ते प्रक्षिप्त मानतात. मी वर्गांत सांगत असें कीं हे श्लोक काव्यदृष्ट्या हिणकस आहेत. पण ज्यानें ते जोडले त्याच्याविषयीं आतां मला करुणा वाटते. बिचाऱ्याला पोच आल्यावांचून राहवलें नाहीं.

परंतु येथें एक गोष्ट वाचकांस सांगितलीच पाहिजे, नाहींतर मी खोट्या भाविकपणाचा दोषी होईन. पोचेची पर्वा न करतां धाडीत राहणें हाच धर्म, असें म्हणावें तर हॉलंडचें प्रकरण आड येतें. तेथें कोणी वेळींच थांबलें नाहीं, आणि पन्नास माणसें मृत्यूच्या तोंडीं दिलीं गेलीं. एकटा लाउवर्स खूण वगळून वगळून ओरडत होता. कचेरींतल्यांना त्याचें मौन वाचतां आलें नाहीं. मलाहि माझ्या विद्यार्थ्याचें मौन वाचतां आलें नाहीं. त्यांची चूक न थांबण्याची, माझी थांबण्याची. मूळ मात्र एकच, कीं पलीकडे उभ्या असलेल्या माणसाची खरी स्थिति काय आहे हें जाणण्याचे श्रम कोणीं घेतले नाहींत. तें गांव एस.टी.नें चार तासांवर होतें. एका रविवारीं मी जाऊन आलों असतों तर मामाची अडचणहि कळली असती आणि मुलगाहि दिसला असता. वैमानिकांनीं चाळीस मण लोखंड घेऊन चार देश ओलांडले. मला चार तासांचा रस्ता ओलांडवला नाहीं.

दिवाळीच्या सुटींत एके रात्रीं मीं नातवाला हें सारें सांगितलें. ड्रायव्हरचीहि गोष्ट सांगितली. सांगतांना जड गेलें. पण त्यानें प्रश्न विचारला होता, आणि मीं ‘वाचून सांगतों’ म्हटलें होतें. तो बराच वेळ गप्प होता. शेजारच्या खोलींत सुना फराळाचे डबे भरून ठेवीत होत्या, त्यांचा आवाज येत होता.

मग त्यानें विचारलें, “आजोबा, परत आलेल्या वैमानिकांना कळायचं का, आपली पेटी पोचली की नाही?”

“सारें नाहीं. वॉर्साहून बिनतारी संदेश लंडनला जात, अमुक रात्रीं इतकें मिळालें म्हणून. पण माझी पेटी कोणाच्या हातीं पडली, हें एकट्यादुकट्याला कोण सांगणार? आणि जे परत आले नाहींत त्यांना तर कांहींच कळलें नाहीं.”

“मग वॉर्सातल्या लोकांना?”

“त्यांना विमान ऐकूं येई,” मीं सांगितलें. “पेटी शत्रूकडे पडली तरी आवाज सर्वांना येई. इतक्या दुरून कोणी तरी आलें होतें, एवढें शहराला कळे.”

क्राकूव्ह शहरांत जेथें एक लिबरेटर विमान कोसळलें तेथें आज स्मृतिफलक आहे. वॉर्साच्या स्करिशेव्स्की उद्यानांत अशाच दुसऱ्या विमानाच्या माणसांचें स्मारक आहे. लोक तेथें फुलें वाहतात. दक्षिण आफ्रिकेंत त्या उड्डाणांचा स्मृतिदिन दर वर्षीं पाळला जातो, आणि तेथें स्थायिक झालेले पोलिश लोक त्याला हजर राहतात. कोल्हापुरांत आणि वळिवड्यासहि पोलिश निर्वासितांचीं स्मारकें आहेत. म्हातारपणीं तीं मुलें, जीं त्या बराकींत वाढलीं, तेथें येऊन गेलीं आहेत. पोच येते, पण कधीं कधीं ती धाडणाऱ्याच्या हातीं पडत नाहीं, इतकेंच.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं नातवाची वही ओटीवर उघडी पडली होती. शेवटच्या रकान्यांतील ‘फसली’ हे शेरे त्यानें रबरानें पुसले होते. त्याजागीं कांहीं लिहिलें नव्हतें. रकाना तसाच रिकामा होता. मीं वही मिटून त्याच्या दप्तरांत ठेवली.

आणि मग माझ्या टेबलाशीं येऊन एक पत्र लिहावयास बसलों. त्या ड्रायव्हरचा पत्ता मीं त्या दिवशीं चहाच्या दुकानांत मागून घेतला होता. वीस वर्षें तो माझ्या पंचांगाच्या जुन्या पिशवींत पडून होता. त्याला आतां मुलेंबाळें असतील. तीं काय शिकतात, हें तरी विचारावें. तो तेथें राहत असेल कीं नाहीं, पत्र त्याला मिळेल कीं नाहीं, हें मला माहीत नाहीं. पाकीट दुपारीं मीं स्वतः टपालांत टाकून आलों.